शालूबाईंचे नाव पंजाच्या यादीत परत घेणेबाबत

प्रति,
मा. शिबिरप्रमुख साहेब,
दिव्यांग तपासणी व कृत्रिम अवयव मोजमाप शिबिर,
बुलढाणा.

अर्जदार : रंगराव सखाराम जेऊघाले, वय ७४, धंदा भाजीपाला शेती, रा. देऊळघाट, ता. जि. बुलढाणा.

विषय : शालूबाई भिकाजी उबरहंडे, रा. देऊळघाट, यांचे कृत्रिम पंजाच्या यादीतून कमी झालेले नाव परत घेणेबाबत. तसेच नाव कमी होण्यास अर्जदाराची थाप कारणीभूत असल्याच्या कबुलीबाबत.

संदर्भ : १) आपल्या शिबिराची गावात लागलेली नोटीस. २) शालूबाई यांचे नकारपत्र, दि. ११ ऑगस्ट २०२५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार निवेदन करतो. निवेदन लांब आहे. अर्जदाराने ते आखूड करून पाहिले, परंतु आखूड केले की अर्जदार बरा माणूस दिसू लागतो, म्हणून पुन्हा लांब केले.

आपल्या कार्यालयात विचारपूस केली असता असे समजले की, पंजे बनवण्यासाठी मोजमापांची यादी १५ ऑक्टोबर रोजी बाहेर पाठवली जाणार आहे, पुढचे शिबिर केव्हा होईल ते नक्की नाही, आणि एकदा लेखी नकार दिलेल्या माणसाचे नाव परत घ्यायचे असेल तर नकार का दिला याचे लेखी कारण लागते. ते कारण म्हणजे अर्जदार होय. तपशील पुढीलप्रमाणे.

१. अर्जदार हा देऊळघाटचा कायमचा रहिवासी असून गावात थापाड्या म्हणून ओळखला जातो. याबाबतचा दाखला जोडण्याची इच्छा होती, परंतु ग्रामपंचायतीत मागणी केली असता तसा नमुना उपलब्ध नसल्याचे कळवण्यात आले व चहा पाजण्यात आला. रोहिणखेडच्या एका विहिरीत हाक मारली की आवाज दुसऱ्या दिवशी, तोही उत्तरासह परत येतो; अर्जदाराच्या वाफ्यातल्या कोहळ्याच्या पोटात गारपिटीच्या दिवशी तीन माणसे व एक शेळी बसली होती; अशा गोष्टी अर्जदार गेली पन्नास वर्षे ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगत आला आहे. त्यापासून आजवर कोणाचे काही वाईट झाले नव्हते. विहीर पाहायला दोघे गेले होते, ते हात हलवत परत आले आणि अर्जदाराला शिव्या देऊन पुढची गोष्ट ऐकायला खाली बसले.

२. अर्जदाराची नात वैष्णवी मेहकर येथील एका कॉलेजात शिकते. जून महिन्यात तेथे पालकांना नवे यंत्र दाखवण्याचा कार्यक्रम होता. अर्जदार पहिल्या रांगेत बसला, कारण चहा तिकडूनच सुरू होतो. संजीवनी मॅडम म्हणून तेथे संशोधन करणाऱ्या बाई आहेत. त्यांनी काचेच्या पेटीतले एक यंत्र चालू केले. त्याला सुई होती आणि सुईत भाताच्या पेजेसारखा पातळ रस. बायका मेंदीच्या कोनाने हातावर नक्षी काढतात तसे ते यंत्र बशीतल्या कोमट खारट पाण्यात रेघ काढत गेले, रेघेवर रेघ, थरावर थर. मॅडमनी सांगितले की हा रस सजीवांच्या शरीरात सापडणाऱ्या पदार्थांसारखाच बनवलेला आहे, आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात पडताच आपणहून एकमेकांना धरतात. त्यांना कोणी बांधत नाही, शिवत नाही, चिकटवत नाही. कणांचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि पातळ रस उभा राहतो. अर्ध्या तासात बशीत एक कान तयार झाला. अर्जदाराने तो स्वतः पाहिला. खरवसासारखा थरथरत होता, पण पाळीसकट कान होता.

३. यानंतरचा मजकूर अर्जदार मुद्दाम नमूद करतो. अर्जदाराने उभे राहून विचारले, "मॅडम, यात बोट होते का?" मॅडम म्हणाल्या, "नाही आजोबा. हा कानसुद्धा ऐकत नाही, हा नुसता आकार आहे. यात जिवंत पेशी टिकतात का, जखम भरायला याचा उपयोग होईल का, एवढंच सध्या पाहतोय. बोट म्हणजे हाड आलं, शिरा आल्या, नसा आल्या. ते आमच्या हातात नाही." हे उत्तर अर्जदाराने दोन्ही कानांनी ऐकले. पुढे कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला ऐकू आले नसेल किंवा समजले नसेल. तरी तसे समजू नये. ऐकू आले होते व समजलेही होते.

४. मेहकरहून बुलढाण्याच्या गाडीत बसल्यावर कान थरथरायचा थांबला. बुलढाण्याला उतरेपर्यंत त्याला ऐकू येऊ लागले. देऊळघाटला ओट्यावर पोचल्यावर संजीवनी मॅडम पलीकडच्या खोलीत हळूच काहीतरी बोलल्या आणि बशीतला कान त्या दिशेला वळला, असे अर्जदाराने सांगितले. लोक खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून अर्जदाराच्या घरी मागण्या येऊ लागल्या. मनकर्णाबाईंना खालचे पुढचे दोन दात पाहिजे होते, पण सुपारी फुटेल असे. निवृत्त शिक्षक नीळकंठ गुरुजींनी टाळूपुरत्या केसांची चौकशी केली व ही चौकशी कोणाला सांगू नये असे बजावले; ती अर्जदाराने आजपर्यंत सांगितलेली नव्हती. एकाने बैलाच्या मोडक्या शिंगाचे माप दोरीने घेऊन आणले. एका सासूबाईंनी सुनेसाठी वेगळी जीभ होते का, थोडी आखूड, असे विचारले. अर्जदाराने कोणालाच नाही म्हटले नाही. अर्जदाराला तो शब्द कधीच बोलता येत नाही. गोष्टीत त्याचा उपयोग होत नाही.

५. अर्जदार प्रथम असे म्हणणार होता की, आपण फक्त थेंब टाकले आणि लोकांनी ते त्या रसातल्या कणांसारखे आपणहून जोडून घेतले. मागच्या कच्च्या अर्जात तसे वाक्य होते. अर्जदाराची पत्नी सुभद्राबाई यांनी ते वाचले व म्हणाल्या, "अटीचा थेंब कोनं टाकला?" तेव्हा ते वाक्य काढून टाकले.

६. अटीचा खुलासा असा. आमच्या ओट्यावर गोष्ट सांगायची एक रीत आहे. नुसता चमत्कार सांगितला तर पोरेही हसतात. चमत्काराला एखादी अट घातली की मोठी माणसेही मान हलवतात. विहिरीचा आवाज परत येतो, पण हाक उपाशीपोटी मारली पाहिजे. कोहळ्यात तीन माणसे बसतात, पण त्यांच्यात भांडण नसावे. अट अवघड असली की गोष्ट खरी वाटते, हे अर्जदाराला त्याच्या वडिलांनी शिकवले. त्याप्रमाणे यंत्राच्या गोष्टीला अर्जदाराने अट घातली : ज्याने सरकारी कागदावर आपला अवयव गेला असे लिहून दिले, त्याला हे यंत्र अवयव देत नाही, कारण कागदावर जे गेले ते गेलेच असे तिथले नियम मानतात. असा कोणताही नियम नाही. अर्जदाराने तो विडीचा झुरका घेताना सुचेल तसा रचला. रचताना अर्जदाराच्या डोळ्यांपुढे कोणीही नव्हते, हे शपथेवर सांगतो. पण रचताना ओट्याच्या खाली, सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, गाठोडे टेकवून, शालूबाई उभ्या होत्या.

७. शालूबाई यांचे वय ४७. त्यांच्या उजव्या हाताची चार बोटे तीन वर्षांपूर्वी कडबा कापायच्या यंत्रात गेली; अंगठा शिल्लक आहे. पती हयात नाहीत. त्या आमच्याच गल्लीत राहतात व मेथी-सांबाराच्या जुड्या बांधून बुलढाण्याच्या बाजारात देतात. जुडी डाव्या हातात धरायची, दोरीचे एक टोक दातात धरायचे, आणि मान फिरवून गाठ मारायची, असा त्यांचा तीन वर्षांचा शिरस्ता आहे. पुढचा एक दात त्यामुळे हलतो. आपल्या शिबिरात ज्या पंजाचे मोजमाप होते, तो अंगठ्यासमोर बसतो व त्यात दोरी धरता येते, असे नोटिशीत चित्रासह होते. नोटीस त्यांना अर्जदारानेच वाचून दाखवली होती व त्यावरून त्यांनी यादीत नाव दिले होते. त्या सहीपुरते शिकलेल्या होत्या; सही उजव्या हाताची होती, ती बोटांबरोबर गेली.

८. जुलै महिन्यात एके दिवशी शालूबाई अर्जदाराच्या अंगणात आल्या. झालेले बोलणे असे.

"आबा, तुमी म्हनता थे खरं हाय का?"

"कोनतं?"

"थे कण आपोआप जुळतात म्हून."

"थे तं म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"मंग माह्ये बोटं व्हईन का?"

येथपर्यंत अर्जदाराने खोटे असे काही सांगितले नव्हते. कण खरोखरच जुळतात. अर्जदार त्या प्रश्नाला थांबू शकत होता. अंगणात सुभद्राबाई तूर निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवले आणि अर्जदाराकडे पाहिले. अर्जदार म्हणाला, "काऊन नाई व्हईन?"

नंतर अर्जदाराने माप घ्यायचे ठरवले. का ठरवले हे आता सांगता येत नाही. परातीत मीठ घालून घट्ट कणीक मळली, शालूबाईंचा डावा हात त्यात दाबून ठसा घेतला, उन्हात वाळवला, आणि यंत्र याच्यावरून उजवी बोटे उलटी छापते असे सांगितले. ठसा चांगला उठला होता. बांगडीच्या खालच्या जुन्या भाजल्याच्या खुणेसकट उठला होता. शालूबाईंनी तो टोपलीत कपड्यावर ठेवून घरी नेला. जाताना म्हणाल्या, "तो शिबिराचा चिमटा कायले घेऊ मंग मी?" अर्जदार म्हणाला, "कायले घेतं?"

९. दि. ११ ऑगस्टचे नकारपत्र साहेबांच्या फायलीत असेल. त्यातला मजकूर, "मला माझी बोटे अन्य मार्गाने मिळणार असल्याने शिबिरातील पंजाची आवश्यकता नाही, सबब यादीतून नाव कमी करावे, व माझा अवयव गेल्याची कोणतीही नोंद ठेवू नये," हा अर्जदाराने रचलेला आहे व अर्जदाराच्याच हस्ताक्षरात आहे. साहेबांनी ते पत्र व हा अर्ज शेजारी ठेवून 'ळ' हे अक्षर पाहावे. शालूबाईंनी शिल्लक अंगठा शाईत बुडवून उठवला. पत्र गेल्यावर परत यायचे नाही, हे अर्जदाराला माहीत होते. कार्यालयाने नाव कमी केले यात कार्यालयाचा काडीचाही दोष नाही. मागणी स्पष्ट होती. अर्जदाराचे लेखी मराठी चांगले आहे.

१०. हे पान तिसऱ्यांदा लिहिलेले आहे.

पत्र दिल्यावर तरी अर्जदार गप्प बसेल असे कोणालाही वाटले असते. शालूबाई दर आठवड्याला बाजारातून येताना विचारत, "आबा, कोठवर आलं?" आणि अर्जदार सांगत असे. पहिल्या आठवड्यात सांगितले, पेरं उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात सांगितले, करंगळी हट्टी आहे, कण धरत नाहीत. तिच्यापायी मॅडम स्वतः यंत्रापासून हलल्या नाहीत, असेही सांगितले. शालूबाईंनी करंगळीसाठी देवाला नारळ कबूल केले. तिसऱ्या आठवड्यात सांगितले, आता नखं जुळून राह्यले. जागा मऊ राहिली पाहिजे म्हणून रोज हळद-तेल लावायचे, असेही सांगितले. ती दुसरी अट. शालूबाई ते रोज लावत होत्या. अर्जदार समोरच्या दारातून ते रोज पाहत होता.

११. आमच्याच गल्लीतले हरिओम यांचा हात मळणी यंत्रात गेलेला आहे. त्यांचे मोजमाप मागच्या खेपेस झाले होते आणि ऑगस्टच्या शिबिरात त्यांना हात मिळाला. सप्टेंबरात ते ओट्यावर त्या हातात कपबशी धरून चहा प्यायले. सगळे पाहत राहिले. शालूबाईही पाहत होत्या. त्या हरिओमला म्हणाल्या, "चांगला हाय रे तुहा. मह्या तं नखं पन येऊन राह्यले." हरिओमने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराने विडी शोधली.

घरी जाताना शालूबाईंच्या दारात अर्जदाराला दिसले की त्या उंबऱ्यावर बसून, पायाच्या दोन बोटांत एक अंगठी घट्ट धरून, डाव्या हाताने चिंचेच्या गराने घासत आहेत. ती त्यांच्या लग्नातली. उजव्या हातातली होती. बोटे गेली त्या दिवशी ती धुणे धुताना काढून ठेवलेली होती म्हणून वाचली. अर्जदाराला पाहून म्हणाल्या, "आबा, थे मॅडमले सांगा बरं. बोटाचं माप थोडं जाड ठेवा म्हना, नाई तं अंगठी निसटन. मी आता पह्यल्यावानी नाई राह्यली, वाळली."

अर्जदाराला त्यानंतर दोन दिवस जेवण गेले नाही. हे दया यावी म्हणून लिहिलेले नाही. जेवण सुभद्राबाईंनी वाढलेच नव्हते.

१२. अर्जदार मेहकरला गेला. संजीवनी मॅडमना हात जोडून म्हणाला की, निदान एक बोट छापून द्या, न हलणारे चालेल, न टिकणारे चालेल, आठ दिवस राहिले तरी बस. मॅडमनी सगळी हकीकत ऐकली. मग त्यांनी विचारले, "आजोबा, मी तुम्हाला नाही म्हणाले होते ना?" अर्जदार म्हणाला, हो. "सगळ्यांसमोर?" हो. "मग?"

 मॅडमनी यंत्राने काय होते व काय होत नाही, याचे एका पानाचे पत्र सही करून दिले आहे. ते सोबत जोडले आहे. एवढेच म्हणाल्या की, यानंतर या प्रयोगाबद्दल गावात काही बोलू नका, चांगलेसुद्धा.

१३. परत येऊन अर्जदाराने ओट्यावर उभे राहून सांगितले की, यंत्राची गोष्ट थाप आहे, अट थाप आहे, कानाला ऐकू येत नाही, कोणाचे काही होणार नाही. लोक शांतपणे ऐकत होते. संपल्यावर नीळकंठ गुरुजी म्हणाले, "वा रंगराव, आता हे नवीन काढलं का?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "एवढे दिस मी दातासाठी थांबली, अन् आता म्हनते नाई. बोटं शालीले पह्यले देऊन राह्यला असन लेकाचा." अर्जदार जसजसा शपथा घेत गेला तसतसे लोक खूश होत गेले. एकाने शेवटी विचारले की, मग यात अट काय आहे?

घरी सुभद्राबाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "लोकाले काऊन सांगता? तिले सांगा. अन् दिवसाउजेडी सांगा, तिनं तुमचं तोंड पाह्यलं पाह्यजे."

१४. म्हणून अर्जदार दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाईंकडे गेला. त्या म्हशीसाठी बादलीत सरकीची ढेप भिजवत होत्या. अर्जदाराने उभ्याउभ्या सगळे सांगितले. गोष्टीसारखे सांगायचे नाही असे ठरवून गेला होता, म्हणून फार अडखळत सांगितले. शालूबाई ढेप ढवळत राहिल्या. संपल्यावर त्यांनी विचारले :

"नखं जुळून राह्यले म्हनलं होतं तुमी. थे पन?"

"थे पन."

"अन् करंगळी? हट्टी हाय म्हून?"

"थे पन."

 अर्जदाराला वाटले रडतील, किंवा बादली अंगावर ओततील. दोन्हीची तयारी होती. त्या उठून आत गेल्या, टोपलीतून कणकेचा हात घेऊन आल्या, आणि तो ढेपेच्या बादलीत बुडवला. तो वाळून कडक झाला होता, लवकर भिजेना. बोटे वर राहिली. शालूबाईंनी आपल्या उजव्या हाताच्या बुंध्याने ती पाण्याखाली दाबून धरली, हळद-तेल लावलेल्या बुंध्याने, आणि मऊ होईपर्यंत दाबूनच ठेवली. या वेळात त्यांनी अर्जदाराला बस म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. मग बादली म्हशीपुढे सरकवली.

म्हशीचे खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता लिहा. मले तो चिमटा पाह्यजे. जसा असन तसा. जुडी बांधता आली म्हंजे झालं. अन् यात अट घालू नका."

१५. सबब अर्जदाराची विनंती अशी की :

शालूबाई उबरहंडे यांचे दि. ११ ऑगस्टचे नकारपत्र अर्जदाराच्या थापेमुळे दिलेले असल्याने ते रद्द समजावे, व १५ तारखेपूर्वी त्यांना मोजमापासाठी बोलवावे. त्या एकट्या येतील. अर्जदाराला सोबत येण्यास त्यांनी मनाई केली आहे.

अर्जदाराच्या शब्दावर विसंबू नये. कार्यालयातील कर्मचारी पाठवून शालूबाईंना प्रत्यक्ष विचारून खात्री करावी. त्यांचे घर कोणीही दाखवेल. अर्जदाराचेही दाखवेल, पण हसून.

या अर्जावर कार्यालयाचा शिक्का मारून एक प्रत देऊळघाट ग्रामपंचायतीत लावावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. अर्जदाराने सांगितलेले गावाला खरे वाटत नाही, शिक्क्याचे वाटेल. अजून मनकर्णाबाई दात बसवून घ्यायला थांबल्या आहेत, आणि बैलाच्या शिंगाची दोरी अर्जदाराच्या खुंटीवर टांगलेली आहे. वाचताना परिच्छेद ४ मधील गुरुजींच्या केसांचा उल्लेख गाळता आल्यास गाळावा. गाळता न आल्यास अर्जदाराची हरकत नाही, गुरुजींची असेल.

अर्जदारावर जी कारवाई नियमात बसेल ती करावी. नियमात बसत नसेल तर अर्जदाराने स्वतः एक सुरू केली आहे. मागील गुरुवारपासून तो ओट्यावर जात नाही. सकाळी शालूबाईंच्या अंगणाबाहेर बसून जुड्यांच्या दोऱ्या कापून ठेवतो. शालूबाई त्या उचलतात आणि आत जातात. 

आपला,
नम्र व्हायला चौऱ्याहत्तर वर्षे लागलेला,
रंगराव सखाराम जेऊघाले
देऊळघाट, दि. ३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. संजीवनी मॅडम यांचे पत्र, एक पान.
२. शालूबाई यांचे अपघाताच्या वेळचे दवाखान्याचे कागद, झेरॉक्स.
३. डाव्या हाताचा कणकेचा ठसा. जोडता आला नाही. कारण परिच्छेद १४ मध्ये.

(खालील मजकूर वैष्णवी हिच्या अक्षरात, शालूबाई यांनी सांगितल्याप्रमाणे)

वरचं सगळं मले वाचून दाखवलं. वाचनारी वैष्णवी होती, आबा नाई. तिनं दोनदा वाचलं अन् दोन्ही टायमाले सारखंच निंघालं, म्हून अंगठा देऊन राह्यली.

शालूबाई भिकाजी उबरहंडे
(उजव्या हाताचा अंगठा)